विसरलेली स्पॅनिश पुन्हा कशी शिकावी: बेळगावात बसून, मोबाइलवर, मराठीच्या आधारानं

वीसेक वर्षांपूर्वी पुण्यात नोकरी करता करता मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन स्पॅनिश शिकलो. दोन परीक्षा दिल्या, पास झालो, बेळगावला परत आलो आणि नंतर त्या भाषेतला एक शब्दही तोंडातून काढला नाही. मग उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्याला मेक्सिकोहून पंपाच्या कास्टिंगची ऑर्डर आली आणि मालकांना माझ्या बायोडेटातली ती एक ओळ आठवली. पहिल्या फोनवर मी धीर करून दोन वाक्यं बोललो. पलीकडून प्रश्न आला, ‘मान्दे?’

बेळगावच्या माणसाला हा शब्द ऐकवल्यावर दुसरं काय आठवणार? पिठीसाखरेचे, तुपातले, दुमडून ठेवलेले मांडे. ह्यांना आमचे मांडे कसे माहीत, असा विचार मी क्षणभर खरोखरच केला. मेक्सिकोत ‘मान्दे?’ म्हणजे ‘काय म्हणालात?’ माझं त्यांना काहीच कळलं नव्हतं.

त्यानंतरचे आठ-नऊ महिने मोबाइलवरचा कोर्स घेऊन मी स्पॅनिश पुन्हा उभी केली. त्यात काय उपयोगी पडलं आणि कुठं वेळ वाया गेला, ते पायरी-पायरीनं लिहितो. कॉलेजात शिकलेली भाषा गंजून गेलेल्यांसाठी हा लेख आहे. अगदी नव्यानं सुरू करणाऱ्यांनाही यातलं बरंच चालेल, फक्त पहिली पायरी सोडून द्या.

आधी तळघर तपासा

अॅप उघडायच्या आधी एक वही घ्या. अर्धा तास, कशातही न बघता, आठवेल ते सगळं स्पॅनिश लिहून काढा. आकडे, वार, घरातल्या वस्तू, क्रियापदाची रूपं, पाठ केलेला एखादा संवाद. स्पेलिंग चुकू दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करा. दुसऱ्या दिवशी जास्त आठवतं, हा माझा अनुभव. रात्रीतून काहीतरी वर येतं.

हे उगीच करायला सांगत नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पूर्ण विसरल्यासारखी वाटणारी गोष्टही दुसऱ्यांदा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. त्या वाचलेल्या वेळावरूनच स्मरणात किती उरलं आहे ते तो मोजायचा. स्पॅनिशबद्दल तर थेट अभ्यास आहे. हॅरी बाहरिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या ७३३ लोकांची चाचणी घेतली. काहींना शिकून ५० वर्षं झाली होती. पहिल्या ३ ते ६ वर्षांत बरंच गळून गेलेलं, पण त्यानंतर जे उरलं ते पुढं पंचवीस-तीस वर्षं जवळपास तसंच टिकलेलं. म्हणजे तुमचं स्पॅनिश गेलेलं नाही. अडगळीत आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की कोर्सनं तुम्हाला ‘मुलगा सफरचंद खातो’पासून सुरुवात करायला लावली तर ऐकू नका. बहुतेक कोर्समध्ये सुरुवातीला पातळी ठरवणारी चाचणी असते, ती द्या. पण एक धोका आहे. वाचून ओळखणं टिकतं, स्वतः बोलणं आधी जातं. चाचणी बहुतांशी ओळखण्याचीच असते, त्यामुळं ती तुम्हाला झेपेल त्यापेक्षा वर नेऊन बसवते. माझं तसंच झालं. चाचणी जिथं नेऊन बसवेल तिथून दोन-तीन घटक मागं या आणि तिथून सुरू करा.

कोर्स कोणता घ्यायचा

यावर लोक फार वेळ घालवतात, म्हणून मी थोडक्यात सांगतो. साधारण तीन जाती आहेत. एक खेळासारखे कोर्स, डुओलिंगोसारखे: छोटे धडे, गुण, सलग दिवसांची मोजणी. दुसरे कानावर चालणारे, पिम्सलरसारखे: ऐका, थांबा, मोठ्यानं बोला. तिसरी कार्डांची अॅप, आंकीसारखी: हा कोर्स नव्हे, तुम्ही विसरायच्या बेतात आलात की नेमकं तेच कार्ड समोर आणणारा मुनीम. आंकी संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात.

पुन्हा शिकणाऱ्यानं कानाचा एक कोर्स आणि कार्डं, एवढंच धरावं असं माझं मत. खेळासारखा कोर्स वाईट नाही, पण त्यात तयार शब्द उचलून वाक्य लावायचं असतं, आणि आपली अडचण नेमकी उलटी असते. शब्द समोर दिसले की सगळं येतं, समोर काही नसलं की जीभ अडते. माझी एका अॅपवर शंभराहून जास्त दिवसांची सलग साखळी झाली होती. त्या साखळीच्या शेवटच्या आठवड्यात मला ‘माल पुढच्या मंगळवारी निघेल’ हे धड सांगता आलं नाही.

पैशाचं एक. पहिल्याच दिवशी वर्षाची वर्गणी भरू नका. एक महिना घ्या. आणि सात दिवस फुकट म्हणून कार्ड नाहीतर यूपीआय जोडलंत तर त्याच संध्याकाळी पेमेंट अॅपमध्ये जाऊन ऑटोपेची यादी उघडा आणि तिथून रद्द करा. फोनमधून अॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही. एका कोर्सनं माझे वर्षाचे पैसे असेच कापून नेले. तो कोर्स मी चार दिवस वापरला होता.

कोर्समध्ये स्पेनची की लॅटिन अमेरिकेची स्पॅनिश असा पर्याय असला तर कोणाशी बोलायचं आहे ते बघून ठरवा आणि मग बदलू नका. फोनमध्ये स्पॅनिश कीबोर्ड टाका. ‘न्य’चं अक्षर आणि उलटं प्रश्नचिन्ह सवयीनं टाइप करता आलं पाहिजे. जुनं पुस्तक किंवा शब्दकोश पेटीत असेल तर लक्षात ठेवा, त्यात ‘च’ (ch) आणि ‘य’ (ll) या जोडअक्षरांची वेगळी प्रकरणं असतील. १९९४ पासून ती जोडअक्षरं वेगळी लावत नाहीत आणि २०१० पासून वर्णमालेत धरतही नाहीत. आता अक्षरं २७.

खानापूर, जांबोटीकडं राहणाऱ्यांनी धडे वायफायवर आधीच उतरवून ठेवावेत. लोंढ्याकडं जाणाऱ्या रेल्वेत जंगल लागलं की नेटवर्क जातं. कानाच्या कोर्ससाठी तेवढी शांत जागा दुसरी नाही.

पहिले दोन आठवडे: उच्चार, देवनागरीतून

माझ्या ‘मान्दे’चं कारण उच्चार होतं. हे दोन आठवडे सोडून पुढं गेलात तर सगळं पक्कं होईल, पण चुकीचं.

आपली गोष्ट इथं इंग्रजी माणसापेक्षा फार बरी आहे. स्पॅनिशचे त आणि द आपलेच, दातांना जीभ लागणारे. इंग्रजीतून शिकलेला आपला माणूस मात्र ‘टाको’, ‘टोर्टिया’, ‘डॉन’ असा ट-ड करत बसतो, ते आधी पुसा. प, त, क यांत हवा सोडायची नाही, आपण सोडतही नाही. स्वर फक्त पाच: आ, ए, इ, ओ, उ. ‘न्य’ आपल्याला नवा नाही.

आता सापळे. देवनागरीत ‘मुचो’ लिहिलं, म्हणजे ‘पुष्कळ’, तर हा च चहातला की चमच्यातला? चहातला. चमच्यातला च स्पॅनिशमध्ये नाही. ‘ह’चं अक्षर लिहितात पण बोलत नाहीत, म्हणून नमस्कार ‘ओला’. उलट इंग्रजीतलं ‘जे’चं अक्षर आपल्या ह आणि ख यांच्या मधे कुठंतरी बोलतात. ब आणि व असा फरकच नाही. शब्दाच्या सुरुवातीला ब, मधे आला की ओठ पूर्ण न मिटता सैलसा. र दोन: ‘पेरो’ म्हणजे पण, आणि जीभ थरथरवून ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. शब्दाच्या सुरुवातीचा र नेहमी थरथरता. हा जमत नसला तर ‘घर्रर्र’ करून गाडी खेळणाऱ्या पोराकडून शिका, मी पुतण्याकडून शिकलो.

सगळ्यात मोठा सापळा आघाताचा. मराठीत शब्दाच्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान त्यावर नसतोच. स्पॅनिशमध्ये ‘आब्लो’ या शब्दात ‘आ’वर जोर दिला तर ‘मी बोलतो’, ‘ब्लो’वर दिला तर ‘तो बोलला’. माणूसही बदलला आणि काळही. नियम सोपा आहे. शब्द स्वरानं, न नं किंवा स नं संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्यावर. जिथं हे मोडतं तिथं वर तिरकी रेघ लिहिलेली असते. रोज दहा शब्द जोराच्या जागी टाळी वाजवत म्हणा. घरचे हसतील. हसू देत.

दोन आठवडे झाले की स्पॅनिश देवनागरीत लिहिणं बंद करा. या लेखात मला इलाज नाही, तुम्हाला आहे. कायम देवनागरीच धरून बसलात तर वाचायला कधीच येणार नाही.

व्याकरण: कोर्सचं इंग्रजी बाजूला ठेवा

मला या लेखात एकच गोष्ट ठासून सांगायची आहे, ती ही. मी वापरलेले कोर्स स्पॅनिश इंग्रजीतून समजावतात. त्यामुळं इंग्रजी माणसाला जे अवघड, ते ‘अवघड’ म्हणून आपल्यापुढं येतं, आणि आपणही घाबरतो. खरं तर त्यातलं निम्मं आपण रोज घरात बोलतो.

इंग्रजी पाठ्यपुस्तकात ‘मे गुस्ता’वर अख्खं प्रकरण असतं. ‘मे गुस्ता एल ते’ म्हणजे मला चहा आवडतो. ‘मे गुस्तान लोस मान्गोस’ म्हणजे मला आंबे आवडतात. आवडणारा ‘मला’, आणि क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणं बदलतं. यात समजवण्यासारखं काय आहे? कन्नडमध्येही ‘नंगे बेकु’च म्हणतो आपण. ‘मे पारेसे’ म्हणजे मला वाटतं. ‘से मे ओल्विदो’ म्हणजे माझ्याकडून विसरून गेलं, अंगावर न घेता सांगायची सोय.

मग येतो माणसाच्या आधी लागणारा ‘आ’. ‘बेओ ला कासा’, घर बघतो. ‘बेओ आ मि तिओ’, काकांना बघतो. घर नुसतं, काकांना मात्र ‘ना’ लागलं. हाच तो ‘आ’. कोर्स याला विशेष नाव देऊन तीन धडे घेतो. तुम्ही एका मिनिटात पुढं जा.

‘मे लो दा’ याचा क्रम पाहा: मे म्हणजे मला, लो म्हणजे ते, दा म्हणजे देतो. मला ते देतो. शब्दाला शब्द. फक्त ‘त्याला ते’ म्हणताना ‘ले लो’ न होता ‘से लो’ होतं, एवढं लक्षात ठेवायचं.

भूतकाळाचे दोन प्रकार, ज्यांच्यावरून वर्गात आमचा छळ झाला होता. ‘आयेर फुइ आल मेर्कादो’, काल बाजाराला गेलो. ‘दे निन्यो इबा आल मेर्कादो’, लहानपणी बाजाराला जायचो. गेलो आणि जायचो. पुण्याच्या वर्गात हे कुणी मराठीतून सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

आता बेळगावची खास गंमत. आम्ही ‘मी काम केलो’ म्हणतो. त्यावर पुण्यात माझी किती थट्टा झाली ते विचारू नका, कारण प्रमाण मराठीत ‘मी काम केलं’, क्रियापद कामाप्रमाणं चालतं. स्पॅनिशमध्ये मात्र क्रियापद भूतकाळातही करणाऱ्याप्रमाणंच चालतं, आमच्या ‘केलो’सारखं. म्हणून स्पॅनिश भूतकाळ पाठ करताना शुद्ध मराठीतून भाषांतर करू नका. घरातलं बोला. ‘मी केलो, तू केलास’ याच तालावर रूपं बसतात. कर्ता गाळायची सवयही आहेच. कन्नडमध्ये ‘बर्तीनी’ म्हटलं की ‘मी’ वेगळा सांगावा लागत नाही, तसंच ‘बेन्गो’ म्हटलं की ‘येतो’ आणि ‘मी’ दोन्ही झालं. दर वाक्याला ‘यो, यो’ (मी, मी) लावणारा माणूस इंग्रजीतून आलाय हे लगेच कळतं.

संशयार्थ म्हणून जे भूत सगळ्यांना दाखवतात, ते आपलं ‘-वं’चं रूप. ‘किएरो के बेन्गास’, तू यावंस असं मला वाटतं. ‘ओहाला के युएवा’, पाऊस पडावा. मराठीत यावं, करावं, पडावा असं येत असेल तिथं बहुतेक वेळा स्पॅनिशमध्ये ते रूप लागतं. सगळीकडं नाही, पण ऐंशी वाक्यं तरी याच कसोटीवर सुटली माझी.

‘तू’ आणि ‘आपण’चा फरक, म्हणजे ‘तु’ आणि ‘उस्तेद’, इंग्रजीवाल्यांना शिकवावा लागतो, आपल्याला नाही. धंद्याच्या फोनवर ‘उस्तेद’च. समोरचा ‘तु’वर आला की मग तुम्ही या.

मराठी धोका कुठं देते तेही सांगतो. एक, लिंग. स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगी नाम नाही. दूध, मीठ, झाड, फूल सगळ्यांना पुरुष नाहीतर स्त्री व्हावं लागतं: दूध ‘ला लेचे’, मीठ ‘ला साल’, झाड ‘एल आर्बोल’, फूल ‘ला फ्लोर’. त्याहून वाईट म्हणजे आपलं लिंग नकळत तिकडं जातं. आपली मलप्रभा बाई, पण नदी म्हणजे ‘एल रिओ’, बाप्या. चंद्र ‘ला लुना’, बाई. हात ‘ला मानो’. आणि ‘ला मापा’ नव्हे, ‘एल मापा’, नकाशा, शेवट ‘आ’ असूनही पुल्लिंगी. उपाय एकच: नाम कधीही एकटं पाठ करू नका, ‘एल’ किंवा ‘ला’ चिकटवूनच.

दोन, ‘आहे’. आपल्याकडं आहे एकच, त्यांच्याकडं ‘सेर’ आणि ‘एस्तार’ दोन. मी स्वतःपुरती एक कसोटी केली आहे. मराठीत ‘झालाय’ म्हणता येत असेल तर एस्तार. चहा गार झालाय: ‘एल ते एस्ता फ्रिओ’. दार उघडं आहे, म्हणजे उघडलेलं आहे: एस्ता. जागा सांगायची असली तरी एस्तार. ‘डॉक्टर झालाय’ला मात्र सेर, कारण पुढं नाम आलं. आणि एक मजा: मंडप खानापुरात आहे, याला ‘एस्ता’, पण लग्न खानापुरात आहे, याला ‘एस’, म्हणजे सेरचं रूप. वस्तू असते, कार्य होतं.

तीन, भूक. आपल्याला भूक लागते, त्यांच्याकडं असते: ‘तेन्गो आम्ब्रे’, माझ्याकडं भूक आहे. वयही तसंच, माझ्याकडं ४६ वर्षं आहेत. इथं मराठी सोडून पाठच करायचं.

शब्द: गोव्याकडून आलेले हात

चोर्ला घाटापलीकडं पोर्तुगीज साडेचारशे वर्षं होते आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. त्यांनी दिलेले शब्द आपल्या स्वयंपाकघरात आहेत, म्हणून सुरुवातीला कार्डं यांचीच करा. साबण ‘हाबोन’, चावी ‘यावे’, मेज ‘मेसा’, पाव ‘पान’, बादली ‘बाल्दे’, बिजागरी ‘बिसाग्रा’. निपाणीकरांना ‘ताबाको’ शिकवायला नको. पगार त्यांच्याकडं क्रियापद आहे, ‘पागार’, पैसे देणं. पण फसायचंही असतं. अननस बहुतेक देशांत ‘पिन्या’. आणि ‘बाताता’ म्हणजे बटाटा नव्हे, रताळं. बटाट्याला स्पेनमध्ये ‘पाताता’, लॅटिन अमेरिकेत ‘पापा’. त्या ‘पापा’त शेवटी जोर दिलात तर बटाट्याचे वडील होतील.

कार्डं तयार विकत किंवा फुकट मिळतात. ती घेऊ नका. दुसऱ्याची हजार कार्डं म्हणजे दुसऱ्याचं आयुष्य. कार्डाच्या पुढच्या बाजूला तुम्ही खरोखर बोलता ते मराठी वाक्य, मागं स्पॅनिश. माझ्या पहिल्या कार्डांत वाळू ‘ला आरेना’, साचा ‘एल मोल्दे’, नमुना ‘ला मुएस्त्रा’, ऑर्डर ‘एल पेदिदो’, बिल ‘ला फाक्तुरा’ होती, आणि पंप म्हणजे ‘ला बोम्बा’, जो बॉम्बही असतो. शाळेत शिकवणाऱ्या बाईंची कार्डं वेगळी असतील, शेतकऱ्याची वेगळी. दिवसाला नवी आठ, जास्तीत जास्त दहा. जोशात पहिल्या रविवारी साठ कार्डं घालणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात अॅप काढून टाकतो.

रोजचा दिवस

माझा असा होता. सकाळी चहाबरोबर कार्डं, दहा-पंधरा मिनिटं. टिळकवाडीतून उद्यमबागेला जाताना कानात धडा, पण गाडीवर नाही, त्यासाठी मी आठवड्यातून तीन दिवस चालत गेलो. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं मोठ्यानं बोलणं, गच्चीवर. एकूण चाळीस मिनिटं.

अपेक्षा किती ठेवायची? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था स्पॅनिश इंग्रजी माणसासाठी सोप्या गटात धरते, आणि तरीही कामापुरती यायला ६०० ते ७५० तासांचे वर्ग सांगते. रोज चाळीस मिनिटं म्हणजे वर्षाला साधारण २४० तास. तुमचे जुने तास त्यात धरा, तरी ‘तीन महिन्यांत अस्खलित’ ही जाहिरात कुणासाठी आहे ते तुम्हीच ठरवा.

ऐकण्यासाठी निम्म्याहून जास्त कळेल असंच निवडा. पाच मिनिटांचा तुकडा तीनदा: एकदा नुसता, एकदा स्पॅनिश अक्षरं दाखवून, एकदा पुन्हा नुसता. इंग्रजी उपशीर्षकं लावलीत तर तुम्ही इंग्रजी वाचत बसाल.

बोलायचं कुणाशी

बेळगावात रस्त्यावर मराठी, कन्नड, हिंदी, कोंकणी, उर्दू सगळं मिळतं. पाटीवर कुठली भाषा यावरून इथं किती वाद झाले असतील, पण खडेबाजारात एकाच वाक्यात तीन भाषांत भाव ठरतो. स्पॅनिश तेवढी मिळत नाही. म्हणून तीन मार्ग.

पहिला, स्वतःशी. फोनचा रेकॉर्डर लावून दोन मिनिटं आजचा दिवस सांगा. महिन्याच्या एक तारखेचं रेकॉर्डिंग जपून ठेवा. पुढच्या महिन्यात ऐकलंत की गुणांपेक्षा खरं काय ते कळेल. माझं पहिलं रेकॉर्डिंग चाळीस सेकंदांचं आहे, त्यातले वीस सेकंद ‘एस्ते… एस्ते…’ आहेत.

दुसरा, संवाद करणारा एआय. हा लाजेवरचा उत्तम उपाय आहे, पण तो फार लाघवी असतो. काहीही बोललात तरी ‘छान’ म्हणतो. त्याला सुरुवातीलाच सांगा: तू मेक्सिकोचा गिऱ्हाईक, मी माल उशिरा पाठवणारा, तू चिडलेला आहेस, आणि शेवटी माझ्या फक्त तीन मोठ्या चुका दाखव. तीनच. वीस दाखवल्या तर एकही सुधारत नाही.

तिसरा, खरा माणूस. आठवड्यातून एकदा अर्धा तास ऑनलाइन शिक्षक. लॅटिन अमेरिकेतल्या शिक्षकांची वेळ आपल्याला सोयीची पडते. आपल्याकडं संध्याकाळचे ७ वाजतात तेव्हा कोलंबियात सकाळचे साडेआठ, आणि रात्रीच्या साडेआठला मेक्सिको सिटीत सकाळचे ९. त्यांना पहिल्या दिवशीच सांगा की व्याकरण मी बघून घेईन, मला बोलतं करा. हा तास तिसऱ्या महिन्याच्या आधीच सुरू करा. ‘थोडं आलं की सुरू करू’ म्हणणाऱ्याचं थोडं कधीच येत नाही.

खऱ्या माणसांकडून कळतं ते कोर्समध्ये नसतं. मेक्सिकोतला माणूस ‘आओरिता’ म्हणतो, शब्दशः ‘आत्ताच’. ते पाच मिनिटांनी असेल, संध्याकाळी असेल, किंवा नसेलही. मला हे समजवायला शिक्षिका बरीच धडपडली. मी तिला सांगितलं, आमच्याकडचा प्लंबरही ‘आलोच की’ म्हणतो.

कागद हवा असेल तर

स्पॅनिशचा मान्य दाखला म्हणजे देले. स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीनं इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही संस्था ती परीक्षा चालवते, संस्थेचं केंद्र नवी दिल्लीत आहे. सगळ्यात सोप्या ए१ पासून सगळ्यात वरच्या सी२ पर्यंत सहा पातळ्या. देलेचा दाखला कायमचा. सिएले ही संगणकावरची दुसरी परीक्षा, तिचं प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. नोकरीला लागत असेल तर बी१ किंवा बी२ला बसा. नुसती हौस असेल तर ते पैसे शिक्षकाला द्या.

खंड पडला तर

पडणारच. आमच्याकडं गणपतीचे अकरा दिवस आणि वर विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यात कोण कार्डं करणार? मागच्या भाद्रपदात मी अॅप उघडलं तेव्हा तीनशेवर कार्डं साचली होती. अशा वेळी सगळी एका दिवसात उपसायची नाहीत. नवी कार्डं शून्यावर आणा, रोजची मर्यादा साठ करा, आणि हप्त्याहप्त्यानं बाकी फेडा. माझी आठवड्यात फिटली. तुटलेल्या साखळीचं दुःख करणारी सूचना रोज येत असेल तर ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. आणि अॅप उघडायच्या आधी पुन्हा ती वही घ्या, अर्धा तास, कशातही न बघता.